कुळाचे कूळ झाले तेव्हा

ऑक्टोबर २०२२ मध्ये स्कॉटलंडमधील कॅलेंडर गावाजवळ कॅम्बसमोर येथे एका कुलप्रमुखाच्या पदग्रहणाचा सोहळा पार पडला. बुकॅनन हे ते कूळ. त्याचा आधीचा प्रमुख १६८१ मध्ये पुत्राविना निवर्तला आणि तेव्हापासून गादी रिकामी होती. वंशावळींचा कित्येक दशके शोध घेतल्यानंतर २०१८ मध्ये नव्या प्रमुखास अधिकृत मान्यता मिळाली. सुमारे तीन शतके आणि चाळीस वर्षे प्रमुखावाचून या कुळाचे काय अडले होते, असा प्रश्न व्यवहारी माणसाला पडेल. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र सोहळ्यात सापडत नाही, इतिहासात सापडते.

आज या प्रमुखाला सत्ता कसलीच नाही. कर घेता येत नाही, न्याय देता येत नाही, सैन्य उभारण्याचा तर प्रश्नच नाही. उरला आहे तो मान आणि त्या मानाची चिन्हे. चिन्हांची व्यवस्था मात्र कडेकोट आहे. एडिंबरो येथे लॉर्ड लायन या राजाधिकाऱ्याचे न्यायालय असून १६७२ च्या कायद्यानुसार कुलचिन्हांची सार्वजनिक नोंदवही तेथे ठेवली जाते. स्कॉटलंडमध्ये दुसऱ्याचे चिन्ह वापरणे हा आजही दंडनीय अपराध आहे. प्रमुखाने टोपीत गरुडाची तीन पिसे खोवावीत, शाखाप्रमुखाने दोन, आणि ज्याच्या नावे स्वतःचे चिन्ह नोंदलेले आहे त्याने एक, असा संकेत आहे. सामान्य कुलबांधवाने प्रमुखाचे चिन्ह पट्टा आणि बकलाच्या वर्तुळात धारण करावे, म्हणजे ते उसने आहे हे पाहणाऱ्यास कळते. जगभरच्या दुकानांत आडनाव सांगताच ‘घराण्याचे मानचिन्ह’ चौकटीत घालून मिळते. स्कॉटिश कायद्याला असे सामायिक चिन्ह मुळात मान्यच नाही. ते एका व्यक्तीचे असते आणि तिच्या वारसाकडे जाते.

प्रमुख वारसानेच यावा असेही सर्वस्वी नाही. रक्ताचा दावेदार न सापडल्यास कुळातील जाणत्यांची सभा भरवून लायनच्या देखरेखीखाली सेनापती नेमता येतो आणि पुढे त्यालाच प्रमुखपद मिळू शकते. गन कुळाने २०१५ मध्ये ऑर्कनी बेटांवर अशीच सभा घेतली आणि दोन शतकांहून अधिक काळ रिकामी असलेली जागा भरली. ही प्रथा वाटते तितकी नवी नाही. प्राचीन गेलिक समाजात एका पणजोबाच्या वंशजांमधून सर्वांत समर्थ पुरुष निवडण्याची रीत होती. आपल्या सपिंड नात्याच्या कल्पनेची आठवण व्हावी, असा तो वर्तुळाकार होता. ज्येष्ठ पुत्राचा जन्मसिद्ध हक्क ही त्यामानाने नंतरची गोष्ट.

गेलिक भाषेत ‘क्लान’ म्हणजे मुलेबाळे. प्रमुख पित्यासमान, बाकी सारी त्याची लेकरे. सगळे एका रक्ताचे नव्हते. आश्रयासाठी आलेल्या कित्येकांनी प्रमुखाचे आडनाव लावले आणि ते त्याच कुळाचे झाले. त्यांनी लढायचे, प्रमुखाने सांभाळायचे. पूर्वजांच्या भूमीवर राहण्याचा सर्वांचा हक्क आहे या भावनेला त्यांच्या भाषेत ‘दूखस’ असे नाव होते. ती भावना कोणत्याही दस्तऐवजात नोंदलेली नव्हती, आणि पुढे घात झाला तो येथेच.

१६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर जॅकोबाइट सैन्याचा पराभव झाला. लंडनच्या सरकारने प्रमुखांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार कायद्याने काढून घेतले आणि हायलंड वेशावर बंदी घातली. ती १७८२ पर्यंत टिकली. जमिनी मात्र बहुतेक प्रमुखांच्या नावावर राहिल्या, किंवा कालांतराने त्यांना परत मिळाल्या. मराठीत ‘कूळ’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक वंशाचा, दुसरा खंडाने जमीन कसणाऱ्याचा. स्कॉटलंडच्या डोंगरात पुढील शंभर वर्षांत जे घडले ते या दोन अर्थांमधले अंतर होय. प्रमुख जमीनदार झाला आणि त्याची लेकरे त्याची कुळे झाली.

प्रारंभी त्यांचा उपयोग सैन्यभरतीसाठी होता. मॅकेन्झी कुळाच्या प्रमुखाने १७९३ मध्ये उभारलेली ७८ वी हायलंड पलटण २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे मराठ्यांविरुद्ध लढली. त्या पलटणीच्या निशाणावर हत्ती आणि ‘असई’ हे नाव आले. आपली भूमी राखता न आलेल्या डोंगरी माणसांनी आपल्या भूमीवर येऊन दुसऱ्याचे साम्राज्य उभारावे, ही विटंबना त्यांच्याही इतिहासात नोंदली जावयास हवी. पुढे माणसांपेक्षा मेंढ्या किफायतशीर ठरल्या. सदरलंडच्या काउंटेसच्या इलाख्यात १८१४ आणि १८१९ मध्ये स्ट्रॅथनेव्हरचे खोरे रिकामे करण्यात आले. तिचा कारभारी पॅट्रिक सेलर याच्यावर १८१६ मध्ये खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. ज्या स्त्रीच्या नावाने हे झाले ती परकी नव्हती. ती त्या कुळाची प्रमुख होती. परचक्राने जे साधले नाही ते स्वकीयांच्या हिशेबवहीने साधले.

विस्थापित कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलियाकडे गेले. त्यांच्यामागून एक प्रमुखही गेला. कर्जबाजारी झालेला आर्चिबाल्ड मॅकनॅब धनकोंना चुकवून कॅनडात पोहोचला आणि १८२० च्या दशकात ओटावा नदीकाठी त्याने स्वतःच्या नावाची वसाहत मिळवली. पर्थशायरहून आणलेल्या शेतकऱ्यांकडून त्याने करारपत्रे लिहून घेतली, गव्हाच्या रूपाने खंड मागितला, जंगलावर हक्क सांगितला. सरकारने दिलेल्या भूमीवर आपण प्रमुखाचे कूळ आहोत, असे ही भोळी माणसे वर्षानुवर्षे मानीत राहिली. अखेर त्यांनी सरकारकडे तक्रारी केल्या. १८४० च्या चौकशीत त्याचे पितळ उघडे पडले, शेतकऱ्यांना जमिनी मिळाल्या आणि मॅकनॅब युरोपात परतला. १८६० मध्ये फ्रान्समधील लानियों येथे त्याचा अंत झाला. त्याचे वागणे केवळ लबाडीचे म्हणून सोडून देता येत नाही. श्रद्धेला खंड लावता येतो, हे त्याला ठाऊक होते, आणि सत्तेचे सर्व वारसदार हेच जाणून असतात. लोकशाहीतील घराणी याला अपवाद नाहीत.

हिंदू समाजानेही विस्थापन पाहिले आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीच्या छळामुळे मंगेश कुशस्थळीहून आणि शांतादुर्गा केळशीहून फोंड्याच्या परिसरात हलविण्यात आली. कर्नाटक, केरळात पांगलेली सारस्वत कुटुंबे आजही मंगेशी आणि कवळे येथे येतात. त्यांच्या कुळाच्या केंद्रस्थानी माणूस नाही, कुलदैवत आहे. दैवताला जमीन विकून कर्ज फेडावे लागत नाही आणि त्याचा वारस नालायक निघण्याचे भयही नाही. वतने कायद्याने गेली, १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे गेले, तरी कुलवृत्तांत छापले जातात आणि कुलसंमेलने भरतात. अर्थात देवस्थानांच्या विश्वस्तपदांवरून न्यायालयात उभे राहणारे भाऊबंद पाहिले, की आपण सर्वस्वी निर्दोष आहोत असेही म्हणवत नाही.

बारा बेटाची कथा मात्र वेगळी. मॅकनील प्रमुखाने कर्जापायी १८३८ च्या सुमारास हे बेट गमावले. नवा मालक गॉर्डन ऑफ क्लुनी याने १८५१ मध्ये तेथील शेकडो माणसे जहाजांत भरून कॅनडाला धाडली. ती क्यूबेकला उतरली तेव्हा त्यांच्या अंगावर धड वस्त्रेही नव्हती. पुढे प्रमुखपद अमेरिकेत वाढलेल्या शाखेकडे गेले. रॉबर्ट लिस्टर मॅकनील हा वास्तुविशारद १९१५ मध्ये प्रमुख म्हणून मान्य झाला. १९३७ मध्ये त्याने किसिमुलची गढी आणि बेटाचा मोठा भाग विकत घेतला. समुद्रातील खडकावर उभी असलेली ही गढी ओसाड पडली होती; तिच्या जीर्णोद्धारात त्याने उर्वरित आयुष्य घालवले. त्याचा पुत्र इयन अमेरिकेत करारांच्या कायद्याचा नामांकित प्राध्यापक होता. २००० मध्ये त्याने ती गढी स्कॉटलंडच्या पुरातत्त्व खात्यास एक हजार वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. भाडे ठरले वर्षाला एक पौंड आणि व्हिस्कीची एक बाटली. २००४ मध्ये त्याने बेटावरील जमीनही सरकारच्या स्वाधीन केली. त्यासाठी मोबदला घेतला नाही. रहिवाशांनी मागितली तर ती त्यांना मिळावी, अशी तजवीज मात्र केली. २०१० मध्ये त्याचे निधन झाले, तेव्हा बारा बेटाच्या जमिनीवर त्याची मालकी नव्हती आणि तो मॅकनील कुळाचा प्रमुख होता.