जाहीर आवाहन : मुलाच्या ऑपरेशनआधी आजोळी चौकशी करा

सर्व पालक, डॉक्टर, दंतवैद्य आणि नागरिक यांस,

परीक्षा संपल्या की घरोघरी मुलांची राहिलेली कामं निघतात. टॉन्सिल, हर्निया, सुंता, किडलेली दाढ, धाकटीचे कान टोचणं. ‘सुट्टीत उरकून घेऊ’ म्हणून मे महिन्यातल्या तारखा घेतल्या जातात आणि बहुतेक मुलं चार दिवसांत पुन्हा खेळायला लागतात. पण काही मुलांच्या रक्तात जन्मतःच गोठण्याचा दोष असतो आणि पुष्कळ घरांना तो ऑपरेशननंतरच कळतो. तो आधी कळावा आणि कळल्यावर कुणी तो लपवू नये, एवढ्यासाठी हे आवाहन आहे.

हिमोफिलियामध्ये रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी आठवा किंवा नववा फॅक्टर कमी असतो. आठव्याच्या कमतरतेचा ‘हिमोफिलिया ए’ साधारण ५,००० मुलग्यांमागे एकाला असतो. नवव्याचा ‘बी’ त्याहून विरळ. व्हॉन विलेब्रांड हा विकार मुलगे आणि मुली दोघांनाही होतो. फॅक्टर १३ ची कमतरता किंवा ग्लान्झमन हा प्लेटलेट पेशींचा विकार फार दुर्मीळ. पण मामाच्या मुलीशी लग्न करण्यासारखी नात्यातली लग्नं जिथे होतात, तिथे हे विकार जास्त दिसतात.

पालकांनो, तारीख घेण्याआधी घरात एवढं विचारा :

१. बाळाची नाळ पडल्यावर बेंबीतून रक्त येत राहिलं होतं का?

२. रांगायला लागल्यापासून अंगावर फारसं न लागताही काळंनिळं पडतं का? गुडघा किंवा घोटा सुजून राहतो का? लस टोचल्यावर मांडीत मोठी गाठ आली होती का?

३. घोळणा फुटला की नाक दाबून धरूनही रक्त लवकर थांबत नाही का?

४. आजोळी कुणाला असा त्रास आहे का? मामा, मावसभाऊ, आईचे वडील? दात काढल्यावर रात्रभर रक्त येत राहिलं, असं कुणाचं झालं आहे का? आईला किंवा मावशीला पाळीत, बाळंतपणात फार रक्त जात होतं का?

एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं, तर ते सर्जनना आणि भूलतज्ज्ञांना स्पष्ट सांगा. हिमोफिलिया बहुधा आईकडून मुलाकडे येतो, म्हणून आजोळची चौकशी महत्त्वाची. मात्र साधारण तीनांतल्या एका मुलाच्या घराण्यात आधी कुणालाच तो नसतो. तेव्हा ‘आमच्यात कुणाला नाही’ म्हणून मुलाच्या स्वतःच्या खाणाखुणांकडे काणाडोळा करू नका.

सासरच्या मंडळींना हात जोडून एक विनंती. ‘हे सुनेच्या माहेरचं’ असा टोमणा एकदा बसला की ती बाई डॉक्टरांसमोरही गप्प राहते. नणंदेचं लग्न जमायचं आहे म्हणून मुलाची फाइल कपाटात दडवली जाते. हा दोष कुणाच्या वागण्याने येत नाही आणि लपवून जात नाही. लपवण्याची किंमत टेबलावरच्या मुलाला मोजावी लागते.

डॉक्टर आणि दंतवैद्य मित्रांनो,

‘बीटी-सीटी नॉर्मल’ या शेऱ्यावर थांबू नका. हिमोफिलियात बीटी नॉर्मल असते आणि दोष सौम्य असेल तर सीटीही नॉर्मल येऊ शकते. पीटी आणि एपीटीटी करा. पण फॅक्टर १३ कमी असेल तर या दोन्ही तपासण्या नॉर्मल येतात, आणि ग्लान्झमनमध्ये पेशींची संख्याही पुरेशी दिसते. ‘एमिसिझुमॅब’चं इंजेक्शन चालू असलेल्या मुलाचा एपीटीटी नॉर्मल दिसतो, त्यावरही विसंबू नये. इतिहास संशयास्पद असेल तर रिपोर्ट चांगले असूनही रक्तविकारतज्ज्ञांना विचारा. दुर्मीळ विकारांच्या तपासण्यांसाठी मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे.

कान टोचणाऱ्या सोनारांना आणि सुंता करणाऱ्यांनाही हेच सांगणं : आधी विचारा, शंका आली तर हात लावू नका, मुलाला रुग्णालयात पाठवा.

निदान झालं म्हणजे ऑपरेशन बंद, असं नाही. तयारी असेल तर ही मुलं मोठ्या शस्त्रक्रियेतूनही सुखरूप बाहेर येतात. तयारी म्हणजे काय, ते एका हिशेबातून पाहा. आठवा फॅक्टर किलोमागे एक युनिट दिला की रक्तातली पातळी साधारण दोन टक्क्यांनी वाढते. मूल २० किलोचं, स्वतःचा फॅक्टर जवळजवळ शून्य आणि मोठ्या ऑपरेशनसाठी पातळी १०० टक्क्यांवर न्यायची, तर पहिलाच डोस १,००० युनिटांचा. आठ ते बारा तासांत त्यातला निम्मा संपतो, म्हणून पुन्हा डोस; आणि जखम भरेपर्यंत, म्हणजे सात ते चौदा दिवस, हळूहळू कमी करत हे चालू ठेवायचं. एवढ्या बाटल्या फ्रीजमध्ये जमल्याशिवाय पहिला छेद घेऊ नये. त्याआधी ‘इनहिबिटर’ची तपासणीही हवीच : तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या दहांपैकी साधारण तीन मुलांचं शरीर दिलेला फॅक्टरच निकामी करतं आणि त्यांना वेगळं औषध लागतं. ऑपरेशन आठवड्याच्या सुरुवातीला, सकाळी ठेवा. म्हणजे लॅब आणि रक्तपेढी दोन्ही हाताशी असतात.

घरी सोडल्यावरही सावध राहा. टॉन्सिलच्या जागेवरची खपली पाच ते दहा दिवसांत सुटते आणि तेव्हा रक्त पुन्हा सुरू होऊ शकतं. झोपेत मूल सारखं गिळत असेल किंवा काळसर उलटी झाली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. दुखलं तर डॉक्टरांनी सांगितलेलं पॅरासिटामॉल द्या. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने देऊ नका. कमरेत इंजेक्शनही घेऊ नका.

महाराष्ट्रात ठरावीक सरकारी रुग्णालयांतल्या हिमोफिलिया केंद्रांत फॅक्टर मोफत मिळतो. जिल्हा रुग्णालयात चौकशी करून मुलाची नोंद आजच करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही हिमोफिलियाचा समावेश आहे.

ज्यांच्या घरात असं मूल नाही, त्यांच्याकडेही मागणं आहे. प्रत्येक विकाराचा फॅक्टर बाटलीत मिळत नाही. काही मुलांना प्लाझ्मा, काहींना क्रायो, तर ग्लान्झमनच्या मुलांना पेशी लागतात, आणि या तिन्ही गोष्टी रक्तदात्याकडूनच येतात. मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावी गेलेले, म्हणून शिबिरं कमी होतात आणि नेमक्या याच महिन्यात मुलांची ऑपरेशनं वाढतात. गावाला निघण्याआधी जवळच्या रक्तपेढीत जाऊन रक्तदान करा. मंडळांनी, सोसायट्यांनी जयंती-उत्सवाचं एक शिबिर मेच्या मध्यावर घ्यावं.

दरवर्षी १७ एप्रिलला जागतिक हिमोफिलिया दिन पाळला जातो. तोवर थांबायचं कारण नाही. आज संध्याकाळी आजोळी एक फोन करा, वरचे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं मुलाच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आपले नम्र,
रक्तस्रावाचे आनुवंशिक विकार असलेल्या मुलांचे पालक आणि त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर