नाव गॅरामंडचं, अक्षर कोणाचं?

मागच्या महिन्यात मी रेझ्युमे गूगल डॉक्समध्ये केला आणि कव्हर लेटर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, वर्डमध्ये. दोन्हीकडे फॉन्ट एकच, गॅरामंड. प्रिंट शेजारी ठेवल्या तर जुळेचनात! आधी वाटलं, प्रिंटरचा दोष. पण अक्षरंच वेगळी होती. (बीए इंग्लिशची तीन वर्षं पुस्तकं वाचली, पण अक्षराकडे कधी निरखून बघितलं नव्हतं.)

तुम्हीही बघा. अक्षराच्या टोकाला जी बारीक शेपटी असते, तिला सेरिफ म्हणतात. स्मॉल एन, एम, पी, आर मोठे करून त्यांच्या डावीकडच्या वरच्या टोकाकडे पाहा. गूगल डॉक्समधल्या ईबी गॅरामंडमध्ये ही शेपटी साधी उतरती, बोरूने टेकवल्यासारखी. वर्डच्या गॅरामंडमध्ये ती खडी आणि त्रिकोणी. मग इटॅलिकमध्ये कॅपिटल अक्षरं लिहून बघा. वर्डमधली सगळी सारखी कलत नाहीत. एखादं जास्त झुकतं, एखादं जरा ताठ राहतं.

याचं कारण असं की ही दोन वेगळ्या माणसांची अक्षरं आहेत. क्लोद गॅरामंड पॅरिसचा, 1561 मध्ये वारला. ईबी गॅरामंड त्याच्या अक्षरांवरून, 1592 च्या एका नमुनापत्रकावरून बनवलाय. वर्डमधला गॅरामंड मात्र झाँ झानों या मुद्रकाच्या अक्षरांवरून आलाय. हा झानों जन्मला 1580 मध्ये! फ्रान्सच्या सरकारी छापखान्यात त्याचे टाइप पडून होते आणि लोक ते गॅरामंडचेच समजत होते.

ही चूक पकडली बिॲट्रिस वॉर्ड या अमेरिकन बाईंनी. अक्षरं ताडून बघताना त्यांना पॅरिसच्या माझारिन ग्रंथालयात झानोंचं 1621 चं नमुनापुस्तक सापडलं, आणि त्यात तेच टाइप! 1926 मध्ये ‘द फ्लूरॉन’मध्ये त्यांनी हे छापलं, पण पॉल बोझों या पुरुषाच्या नावाने. लेख वाचून मोनोटाइप कंपनीने या ‘बोझों’ना नोकरी देऊ केली. समोर बाई आल्यावर साहेब लोक चकित झाले, पण नोकरी त्यांनाच मिळाली.

झानोंचं नशीब मात्र तेवढं नाही. वर्डच्या यादीत अजून गॅरामंडच लिहिलंय. मी कव्हर लेटर ईबीमध्ये बदलून घेतलं; पण खरं सांगू, ती वेडीवाकडी झुकणारी कॅपिटल्स मला जास्त आवडली होती.