मागीलप्रमाणे

माणसाचा आत्मा अमर असतो की नाही, याबद्दल शास्त्रीमंडळींत मतभेद असतील. सरकारी नोकराचा गोपनीय अहवाल मात्र अमर असतो, याबद्दल माझी खात्री आहे. शस्त्रं त्याला छेदीत नाहीत, पाणी भिजवीत नाही, आणि कचेरीतल्या वाळवीनं सगळ्या फायली खाल्ल्या तरी नेमका तेवढा कागद ती आदरानं बाजूला ठेवते.

माझ्या अहवालात एका वर्षी 'वक्तशीरपणा' या रकान्यापुढे साहेबांनी 'नाही' असा शेरा मारला. तो खरा होता. त्या वर्षी आमच्या घरी धाकट्याचा जन्म झाला होता, आणि ठाण्याची नऊ बावीसची लोकल आणि मी यांची गाठ क्वचितच पडे. पण पुढच्या वर्षी मी इरेला पेटलो. शिपाई कुलूप काढायला यायचा तेव्हा मी दाराशी उभा असायचो. त्याला मी चोर वाटलो असेन, पण वक्तशीर चोर. नेमकी त्याच वर्षी जुन्या साहेबांची बदली झाली आणि नवे साहेब मार्चअखेर हजर झाले. त्यांनी मला पाहिलं नव्हतं, माझं काम पाहिलं नव्हतं. पण रकाने तर भरायचे होते! त्यांनी मागच्या वर्षीचा कागद पुढे ओढला आणि सगळ्या रकान्यांत एकच शब्द लिहिला : 'मागीलप्रमाणे.' प्रतिकूल शेरा म्हणून तो मला रीतसर कळवण्यात आला, आणि माझी बढती दोन वर्षं लांबली. ते पत्र हातात पडलं तेव्हा कचेरीत मी आणि शिपाई असे दोघेच होतो. बाकीचे अजून यायचे होते.

'मागीलप्रमाणे' हा खास आपल्या मातीतला शोध आहे, असा माझा बरीच वर्षं अभिमान होता. २०२० साली तो उतरला.

माझी बहीण १९८९ साली न्यू जर्सीला गेली. तिचा मुलगा तिथेच जन्मला, तिथेच वाढला आणि एके दिवशी अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला. आमच्या घराण्यात शौर्याची परंपरा रेशनच्या रांगेपुढे गेलेली नसल्यामुळे सगळ्यांनाच धक्का बसला. पण पोरानं निभावलं. २०२० साली तो स्टाफ सार्जंट होता. त्या उन्हाळ्यात घरोघरी व्हिडिओवरून गप्पांचं पेव फुटलं, तेव्हा तो म्हणाला, "मामा, माझा रिपोर्ट लिहायची वेळ आली आहे, आणि टेस्ट तर बंद आहे."

मग मला त्या रिपोर्टाची माहिती झाली. तिकडे दरवर्षी एक वरिष्ठ लिहितो, वरिष्ठाचा वरिष्ठ त्यावर लिहितो, आणि पुढे बढतीच्या वेळी एक मंडळ त्या सगळ्या कागदांचा गठ्ठा घेऊन बसतं. मंडळानं त्या माणसाला कधी पाहिलेलं नसतं. त्याच्यापुढे कागद असतो, आणि तो कागद म्हणजेच तो माणूस. त्या कागदावर उंची, वजन आणि शारीरिक चाचणीत पास की नापास हे तारखेसकट येतं. शिवाय 'प्रेझेन्स' नावाच्या मथळ्याखाली वरिष्ठ तेव्हा कौतुकाची ओळ लिहू शकत असे, की हा गडी तीनशेपैकी इतके गुण मिळवतो. दोन मिनिटं जोर, दोन मिनिटं सिट-अप्स आणि दोन मैल धावणं, अशी ही चाचणी १९८० पासून चालत आली होती. प्रत्येकात साठ गुण मिळवले की पास.

आता या परीक्षेची रचनाच अशी, की महामारीनं तिच्याकडे डोळे वटारून बघावं. सिट-अप्स काढताना दुसऱ्यानं घोटे धरावे लागत. वजन जास्त भरलं तर तेव्हा मानेला आणि कमरेला टेप लावत. म्हणजे जगातल्या समस्त डॉक्टरांनी 'सहा फूट लांब राहा' म्हणून कंठशोष करावा, आणि इकडे एका सार्जंटनं दुसऱ्याच्या मानेला टेप गुंडाळावी! तेव्हा मार्च २०२० मध्ये चाचण्या थांबल्या. मरीन दलानं वर्षाच्या पहिल्या सहामाहीची चाचणी रद्द केली, नौदलानं त्या वर्षाच्या दोन्ही फेऱ्या रद्द केल्या, हवाई दलानं पुढे ढकलता ढकलता जुलै २०२१ गाठला. हे सगळं शहाणपणाचंच झालं. माझं भांडण चाचणी थांबवण्याशी नाही.

माझं भांडण रकान्याशी आहे. चाचणी थांबली, पण रकाना थांबला नाही.

भूदलानं ठरवलं, की शेवटची पास झालेली चाचणी मार्च २०२२ पर्यंत ग्राह्य धरावी. हे वाचलं मात्र, आणि मला माझे नवे साहेब आठवले. इंग्रजी कितीही भारदस्त असो, त्याचं मराठी 'मागीलप्रमाणे' असंच होतं. कुणाचं नुकसान होऊ नये हा त्यामागचा हेतू मला मान्य आहे. नोकरी टिकवायला जुना निकाल चालू द्या की. पण तोच निकाल दोन माणसांची तुलना करायला वापरला, की काय होतं बघा. एकानं २०१९ च्या शरद ऋतूत दोनशे नव्वद गुण मिळवले आणि टाळेबंदीत तो घरपोच पिझ्झावर पोसला गेला. दुसरा त्याच सुमारास मुरगळलेल्या पायानं कसाबसा एकशे सत्त्याऐंशीवर पास झाला आणि पुढचं वर्षभर पहाटे उठून एकटा धावला. कागदावर पहिला वाघ आणि दुसरा जेमतेम. हा दुसरा कोण, ते सांगायला नको. तो म्हणाला, "मामा, मी रोज पळतो, पण त्याची पावती नाही."

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक निवृत्त कर्नलसाहेब राहतात. त्यांच्यापुढे मी हा विषय काढला. ते म्हणाले, "अहो, शत्रू काय साथ संपेपर्यंत थांबतो? सैनिक फिट हवाच. रकाना कोरा ठेवलात की आळशांचं फावलं."

"शत्रू थांबत नाही हे खरं," मी म्हटलं, "पण तो मागच्या वर्षीच्या गुणांशी लढायलाही येत नाही. तो आज समोर उभ्या असलेल्या माणसाशी लढतो."

"मग वरिष्ठानं डोळ्यांनी बघून लिहावं. अनुभवी माणसाला कळतं."

हा तर त्याहून भयंकर मार्ग. डोळ्यांनी बघून लिहायचं म्हणजे ज्याची छाती रुंद आणि आवाज मोठा तो फिट. आणि त्या वर्षी बघणार तरी काय? तोंडाला मास्क, आणि बैठक पडद्यावर. पडद्यावर तर मीसुद्धा कमरेवर सैनिकच दिसतो. खाली लेंगा असतो, ही गोष्ट निराळी. मोजमाप ठेवायचं ते माणसाच्या मर्जीवर सगळं राहू नये म्हणून, आणि मोजता आलं नाही म्हणून पुन्हा मर्जीकडेच जायचं?

उरला तिसरा मार्ग. रकाना नुसता कोरा ठेवणं. हा वरवर निरुपद्रवी वाटतो. पण कोरा रकाना गप्प बसत नाही हो! तीन वर्षांनी मंडळावर बसलेला माणूस शंभरावा कागद उलटताना त्या कोऱ्या जागेपाशी थांबतो आणि मनात म्हणतो, 'काहीतरी लपवलेलं दिसतंय.' साथ तोवर विसरली जाते, रकाना राहतो.

आपल्याकडेही तेच वर्ष होतं. २०२० साली दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला व्हायचा होता. तो रद्द झाला आणि मुलांना इतर विषयांच्या सरासरीनं भूगोलाचे गुण मिळाले. आमची नात त्याच तुकडीतली. गणित-विज्ञानाच्या पुण्याईवर तिला भूगोलात भरघोस गुण पडले. परवा मी तिला विचारलं, चिली कुठे आहे, तर ती म्हणाली, फ्रीजमध्ये. त्यात तिचा दोष नाही, आणि मुलांचा निकाल अडवून ठेवायचा नाही म्हणून मंडळानंही सर्वांना एकच उघड नियम लावला. पण त्या गुणपत्रिकेवरून कुणी तिला जहाजाचा नकाशा वाचायला बसवू नये, एवढीच माझी विनंती आहे.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. जे झालं नाही ते 'झालं नाही' असं लिहा. 'साथीमुळे हुकूमावरून चाचणी घेतली नाही.' पाच-सहा शब्द. अक्षर-न्-अक्षर सगळ्यांना सारखे, जनरलसाहेबांपासून कालच्या शिपायापर्यंत. त्या वर्षीच्या कागदावर जुन्या गुणांचं कौतुक नको, जुन्या नामुष्कीची उजळणीही नको. आणि मंडळाला लेखी बजावा, की या ओळीवरून कुणाचंही बरंवाईट ठरवायचं नाही. पुढे चाचणी सुरू झाली की घ्या खुशाल कसून. भूदलानं सिट-अप्स सोडून वजनं उचलण्यापासून ओझं ओढत धावण्यापर्यंत सहा प्रकारांची नवी चाचणी आणली, तेव्हा सुरुवातीच्या काळात तिच्या निकालावरून कुणावर कारवाई करायची नाही असं ठरवलंच होतं ना? म्हणजे 'हे मोजू नका' असं लिहिता येतं. लिहिणाऱ्याची इच्छा हवी.

कारण तिकडच्या सैन्यात ठरावीक वर्षांत वरची पायरी चढला नाहीत तर घरी जावं लागतं. त्या रकान्यावर एका माणसाची नोकरी, त्याच्या घराचे हप्ते आणि म्हातारपणचं पेन्शन लटकलेलं असतं. हे माझ्या साहेबांना ठाऊक असतं, तर त्यांनी 'मी यांचं काम पाहिलेलं नाही' असं लिहिलं असतं. ते खरंही झालं असतं. पण खरं लिहिण्यापेक्षा रकाना भरणं सोपं असतं.

कर्नलसाहेबांना हे पटलं नाही. "तुम्ही सिव्हिलियन लोक शब्दांचा फार कीस काढता," म्हणाले, आणि दुसरा चहा घेतला.

२०२१ च्या अखेरीस मी बऱ्याच दिवसांनी आमच्या डॉक्टरांकडे गेलो. कंपाउंडरनं कागद पुढे करून विचारलं, "वजन?"

मी म्हटलं, "मागीलप्रमाणे."

आतून डॉक्टर म्हणाले, "त्यांना आधी काट्यावर उभं करा."

सहा किलो जास्त भरलं. अमेरिकेच्या हवाई दलानं त्याच वर्षी कमरेचा घेर गुणांतून वगळला, असं मी त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी काट्यावरचा आकडा लिहिला, शेजारी तारीख टाकली, आणि मागच्या वर्षीच्या रकान्यात लिहिलं, 'आले नाहीत.'

असा माणूस आम्हाला कचेरीत साहेब म्हणून लाभायला हवा होता.