नुसता चहा

आमच्या घरी दुपारी चार वाजता चहाचं आधण चढतं. घड्याळ एखाद वेळी मागे पडेल, पण आधण नाही. किसलेलं आलं, गवती चहाच्या दोन पाती, ठेचलेला वेलदोडा, चार चमचे चहा पावडर आणि दूध-साखर अगदी सैल हातानं! घरातली सगळी माणसं एका जागी बसण्याचं हे दिवसातलं एकमेव निमित्त. माझे सासरे, अण्णा, या बैठकीचे कायमचे अध्यक्ष.

दोन वर्षांपूर्वी अण्णांच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी सरळ हिशेब मांडला. दिवसाला पाच कप, कपात दोन चमचे, म्हणजे नुसत्या चहातूनच ४० ते ५० ग्रॅम साखर! घरी आल्यावर मी बिनसाखरेचा दुधाचा चहा करून दिला. अण्णांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "काढा बरा याच्यापेक्षा," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून चार वाजले की ते वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत जाऊन बसू लागले. "तुम्ही घ्या, मला नको." चहा सुटला त्याचं एवढं नाही, पण त्यांची रिकामी खुर्ची पाहून आमच्याही घशाखाली चहा उतरेना.

त्याच सुमारास वरच्या मजल्यावरच्या बंगाली काकू पूजेला कोलकात्याला जाऊन आल्या. येताना माझ्यासाठी दार्जिलिंग चहाचं छोटं पाकीट घेऊन आल्या. मी मोठ्या हौसेनं तो चहा आपल्या रिवाजाप्रमाणे आलं-दूध घालून खळाखळा उकळला. रंग फिकट, चव पाणचट! "काकू, तुमचा चहा काही उतरला नाही बाई," असं मी सांगताच त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, ताज्या हिलसा माशाला एवढा मसाला चोपडलास, तर मासा लागणार कुठे?" आणि मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

त्यांची कृती अगदी सोपी. पाण्याला उकळी आली की गॅस बंद. चहादाणी गरम पाण्यानं विसळून घ्यायची. कपामागे एक चमचा पानं टाकायची, वरून पाणी ओतायचं, झाकण ठेवायचं आणि तीन मिनिटं हात लावायचा नाही. मग सगळा चहा एकदम गाळून घ्यायचा. पानं पाण्यात राहिली तर चहा तुरट होतो. दूध नाही, साखर नाही, आलं नाही. खरं सांगते, पहिल्या घोटाला मला ते गरम पाणीच वाटलं. दुसऱ्या घोटाला कुठेतरी पिकलेल्या द्राक्षांचा वास आला. कप संपला तेव्हा जिभेवर एक मंद गोडवा होता, आणि साखर तर एक कणही नव्हती!

असं का होतं? आपण रोज वापरतो तो दाणेदार चहा 'सीटीसी' पद्धतीचा. यंत्रात पान चिरडून, फाडून, वळून त्याच्या गोळ्या करतात. हे यंत्र १९३०च्या दशकात आसामात वापरात आलं. या गोळ्या झटकन रंग आणि कडकपणा सोडतात. दुधासमोर टिकेल असाच तो चहा, आणि त्या कामात तो उत्तमच आहे. लांब पानाचा चहा मात्र वेगळ्या चालीनं करतात. खुडलेलं पान आधी कोमेजू देतात, मग वळतात, मग हवेत ठेवतात. कापलेलं सफरचंद काळं पडतं तसं ते काळपट होत जातं आणि शेवटी वाळवतात. हे पान आपला गंध सावकाश सोडतं. त्याला उकळलं की गंध उडून जातो आणि उरतो तो कडवटपणा.

आपल्याच देशात याचे किती प्रकार आहेत पाहा! दार्जिलिंगचा मार्च-एप्रिलमधला पहिला बहर फिकट सोनेरी आणि ताज्या हिरव्या वासाचा. याला पाणी थोडं निवलेलं चालतं. मे-जूनचा दुसरा बहर तांबूस, आणि द्राक्षांचा तो वास त्याचाच. मौज म्हणजे बारीक किडे पानातला रस शोषतात, त्यामुळे हा वास येतो म्हणतात! आसामचा चहा गडद आणि भारदस्त. दुधाची सवय सुटत नसेल त्यांनी इथून सुरुवात करावी. निलगिरीचा चहा हलका, सुवासिक.

घेताना थोडं लक्ष द्या. पाकिटावर 'ऑरेंज पेको' लिहिलेलं असलं तरी त्यात संत्रं नसतं, ती पानाची प्रत आहे. 'फ्लेवर' हा शब्द दिसला, तर मात्र वरून वास घातला आहे असं समजा. पहिल्यांदा शंभर ग्रॅमच घ्या. महाग वाटेल, पण कपाला जेमतेम दोन ग्रॅम पुरतात आणि तीच पानं पुन्हा एकदा वापरता येतात. घट्ट झाकणाच्या डब्यात, उजेड आणि ओल यांपासून दूर ठेवा. मसाल्याच्या फळीवर तर मुळीच नको. चहा शेजारच्याचा वास लगेच उचलतो. माझा पहिला डबा हिंगाशेजारी होता, पुढचं सांगायला नको! उरलेला चोथा गुलाबाच्या कुंडीत टाका. दूध-साखर नसल्यानं मुंग्याही लागत नाहीत.

एक मात्र लक्षात असू द्या. चहा हे औषध नव्हे. त्यानं साखरेचा आजार जात नाही, फक्त चहातली साखर जाते. आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगी कमी लागतं, म्हणून अंगात रक्त कमी असलेल्या मैत्रिणींनी जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवावं.

आता अण्णांचं सांगते. एके दिवशी चार वाजता मी काही न बोलता गॅलरीत त्यांच्यापुढे कप ठेवला. ते जुन्या सवयीप्रमाणे चहा बशीत ओतून भुरका मारू लागले. मी थोडी ओशाळले, इतका नाजूक चहा आणि बशीत! पण चहाची पारख करणारे तज्ज्ञसुद्धा चमच्यातून असाच मोठ्यानं भुरका मारतात. हवेबरोबर गंध नाकापर्यंत पोचतो. म्हणजे अण्णांचंच बरोबर होतं.

बशी रिकामी करून त्यांनी विचारलं, "यात काय घातलंयस गं?"

"काहीच नाही, अण्णा."

ते थोडा वेळ बशीकडे बघत राहिले. मग वर्तमानपत्राची घडी घालून म्हणाले, "मग आणखी अर्धा कप दे. आणि इथे नको, आत येतो."

तेव्हापासून आमच्याकडे चार वाजता दोन आधणं चढतात. एक आल्याचं, एक नुसतं. आणि खुर्च्या सगळ्या भरलेल्या असतात.