पाच नंबरच्या खोलीतला भाडेकरू

दरवर्षी जून-जुलैच्या सुमारास आमच्या परतूरच्या रेल्वे स्थानकावर एक दृश्य हमखास दिसते. गादीची वळकटी, बादली, आईने दिलेला चिवड्याचा डबा आणि छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याकडे निघालेला एखादा मुलगा. पत्र्याची पेटी जाऊन चाकांची बॅग आली, एवढाच काय तो बदल. हा मुलगा पुढे 'कॉट बेसिस'वर राहणार, मेसच्या आमटीला नावे ठेवणार आणि परीक्षेचा निकाल लागला की घरी फोन करायचे टाळणार. या मुलाची गोष्ट मराठीत आम्हांला हवी तशी सापडली नाही. सापडली ती जपानी ॲनिमेत.

'मेझॉन इक्कोकू' ही रुमिको ताकाहाशी यांची चित्रकथा 1980 ते 1987 या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि 1986 ते 1988 मध्ये तिची 96 भागांची दूरचित्रवाणी मालिका आली. एक जुनाट लाकडी भाड्याची इमारत, माथ्यावर बंद पडलेले घड्याळ. 'इक्कोकू' म्हणजे एक क्षण; आपण 'घटका' म्हणतो त्याच्या जवळचे काही. पाच नंबरच्या खोलीत युसाकु गोदाई राहतो. विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत नापास झालेला, पुन्हा बसणारा. तो अभ्यासाला बसला की शेजारी त्याच्याच खोलीत बाटल्या घेऊन मैफल जमवतात. चार नंबरचा योत्सुया तर मधल्या भिंतीलाच भगदाड पाडतो. भाडेकरूंच्या आडनावांत खोल्यांचे आकडे दडलेले आहेत: पहिल्या खोलीत इचिनोसे, सहाव्यात रोप्पोंगी. आपल्याकडे पहिल्या खोलीत एकबोटे आणि पाचवीत पाचपुते राहावेत तसे. व्यवस्थापक म्हणून येणाऱ्या तरुण क्योको ओतोनाशीच्या वाट्याला शून्य आले आहे, आणि ती विधवा आहे.

आता चाळीतले विक्षिप्त शेजारी मराठी वाचकाला नवे नाहीत. 'बटाट्याची चाळ' कोणी वाचलेली नाही? पण चाळ ही कुटुंबांची. एकट्या मुलाची खोली हवी असेल तर 'कोसला'कडे (1963) जावे लागते. तिथे पुण्याचे वसतिगृह आहे, मेस आहे, विक्षिप्त सोबती आहेत, नापास होणे आहे आणि शेवटी गावाकडे परतणेही आहे. नाही ती फक्त प्रेमाची शक्यता. मुले-मुली एका छपराखाली आणायची तर आपल्याला सोंग घ्यावे लागले. 1988 सालच्या 'अशी ही बनवाबनवी'त घर मिळावे म्हणून दोघांना लुगडे नेसावे लागते. चित्रपट आम्हांला आजही पाठ आहे, ते सोडा. पण 'बॅचलरना खोली नाही' ही पाटी त्याच्या हसण्यामागे उभी आहे हे विसरू नये. 'दिल दोस्ती दुनियादारी'ने 2015 मध्ये सहा जणांना एका घरात सहज राहू दिले, तोवर सत्तावीस वर्षे गेली होती.

पण आमचा मुद्दा आहे तो क्योकोचा. आपल्याकडे विधवेची कथा हरिभाऊ आपट्यांच्या यमूपासून अन्यायाची कैफियत म्हणून आली, आणि ते योग्यच होते. 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी शारदा सदनातल्या गोदूबाईंशी विवाह केला तेव्हा त्यांना बहिष्कार सोसावा लागला. अशा समाजात विधवेच्या मनातल्या रुसव्याफुगव्यांना कथेत जागा मिळणे अवघडच होते. ताकाहाशी मात्र क्योकोला रुसू देतात, मत्सरी होऊ देतात, खोटे बोलू देतात. तिचा नवरा सोइचिरो लग्नानंतर थोड्याच महिन्यांत वारला. तिच्या कुत्र्याचे नावही सोइचिरोच. गोदाईला स्पर्धा आहे ती या मृत माणसाशी, आणि मृत माणूस चुका करीत नाही. शेवटी गोदाई त्याच्या थडग्यापाशी जाऊन कबूल करतो, की क्योकोच्या मनातून तुम्हांला काढता येणार नाही, तेव्हा तुमच्यासकट तिला स्वीकारतो. पुनर्विवाहावर इतके नेमके काही आम्ही क्वचितच पाहिले आहे.

मालिकेत दोष नाहीत असे नाही. गैरसमजांचे गुऱ्हाळ कधीकधी इतके लांबते की उठून दिवा मालवावासा वाटतो. आणि गोदाई दुसऱ्या एका मुलीला वर्षानुवर्षे 'नाही' म्हणत नाही, याला भिडस्तपणा म्हणणे आम्हांला मान्य नाही. तो भित्रेपणा आहे.

तरीही हा माणूस आम्हांला जवळचा वाटतो. तो सामान्य विद्यापीठातून कसाबसा पदवीधर होतो, नोकरी देणारी कंपनीच बुडते, मग तो पाळणाघरात काम करतो, पुढे मद्यगृहात काम करणाऱ्या बायकांची मुले सांभाळतो आणि अखेर बालशिक्षकाची परीक्षा उत्तीर्ण होतो. परतूर-मंठ्याकडे अशा मुलाचे स्थळ कोणी पुढे नेईल काय? पस्तिशीतल्या, चार वेळा पूर्वपरीक्षा दिलेल्या, बापाच्या कापूस-सोयाबीनवर परतलेल्या मुलांची लग्ने अडली आहेत, आणि याची चर्चा पारावर कुचेष्टेने होते. 'अजून बसतोच का परीक्षेला?' हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नकोच असते. योत्सुया आणि इचिनोसेबाईही गोदाईची कुचेष्टाच करतात, रात्रंदिवस करतात. पण त्याच्या नोकरीसाठी आणि लग्नासाठी जीव टांगणीला लागतो तोही त्यांचाच. परीक्षेत पडलेला माणूस त्या घरात कधी परका होत नाही.

लग्नानंतर ते दोघे नवे घर शोधायला जात नाहीत. तान्ह्या मुलीला घेऊन त्याच इमारतीत परततात. दारात तोच कुत्रा असतो, त्याच नावाचा.