नकाशाला विचारायचे कसे?

तहसील कचेरीत येणाऱ्या भांडणांत शेतरस्त्याचे भांडण सर्वांत चिवट. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे तहसीलदाराला बांधावरून वाट देता येते. पण त्याआधी त्याला दोन गोष्टी कळाव्या लागतात. अर्जदाराच्या गटाला आज कुठला रस्ता भिडतो का? भिडत नसेल, तर रस्त्यापर्यंत मधे कोणकोणाचे गट आहेत? गावनकाशे आता संगणकावर आले आहेत. महाभूनकाशावर गट निवडला की त्याची आकृती समोर येते. मात्र ‘आमच्या शिवारातले रस्त्याला न भिडणारे सगळे गट दाखव’ असे त्याच नकाशाला सांगायची सोय शेतकऱ्याला नाही. नकाशा बघायला मिळतो, त्याला विचारता येत नाही.

तांत्रिकदृष्ट्या या प्रश्नात अवघड काही नाही. पोस्टजीआयएस नावाचे मोफत सॉफ्टवेअर २००१ पासून उपलब्ध आहे. त्यात गट, रस्ते, नाले यांच्या आकृत्या साठवता येतात आणि एसक्यूएल या भाषेत प्रश्न टाकला की उत्तर मिळते. अडते ते त्या भाषेपाशी. ‘रस्त्यापासून ५०० मीटरच्या आतले गट’ असा प्रश्न लिहायचा, तर अंतर कोणत्या एककात मोजले जाणार हे आधी ठाऊक हवे. नकाशा अक्षांश-रेखांशात साठवलेला असेल आणि नेहमीच्या पद्धतीने तुम्ही ५०० हा आकडा लिहिलात, तर संगणक तो ५०० अंश समजतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. म्हणजे सगळी पृथ्वीच ‘जवळ’ ठरते आणि यादीत तालुक्यातला प्रत्येक गट येतो. कुठेही चूक झाल्याची सूचना येत नाही. ही खोच माहीत असणारी माणसे जिल्ह्याच्या ठिकाणी फार थोडी, आणि ज्याचे शेत अडले आहे तो तर त्यांत नसतोच.

म्हणूनच प्रश्न लिहिण्याऐवजी काढून दाखवता आला पाहिजे, हा विचार मला इतका मोलाचा वाटतो. तो नवा नाही. १९७०च्या दशकात आयबीएममध्ये मोशे झ्लूफ यांनी तक्त्याच्या रिकाम्या रकान्यांत नमुना भरून माहिती विचारण्याची पद्धत आणली. पुढे ती कल्पना नकाशापर्यंत पोचली. फ्रान्समध्ये १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘सिगाल’ ही चित्रभाषा तयार झाली. तिच्यात चिन्हे निवडून ती एकमेकांशी जोडत प्रश्न उभा करायचा. अमेरिकेतल्या मेन विद्यापीठात मॅक्स एगेनहोफर आणखी पुढे गेले: लेखणीने पडद्यावर ओबडधोबड रेखाटन करा, तसाच प्रसंग जमिनीवर कुठे आहे ते संगणक शोधून देईल.

ओबडधोबड रेखाटन संगणकाला कळावे कसे? एगेनहोफर आणि गणिती रॉबर्ट फ्रँझोसा यांनी १९९१ मध्ये त्याचा पाया घातला होता. दोन सलग क्षेत्रे घ्या. ती एकमेकांपासून अलग असतात, कडेला कड भिडवून असतात, एकमेकांवर अर्धवट चढलेली असतात किंवा तंतोतंत एकच असतात. एक दुसऱ्याच्या पूर्ण पोटात असते, किंवा पोटात असून कडेला चिकटलेले असते. आणि हेच दोन प्रकार उलट बाजूने. झाले आठ. नववा प्रकार नाही. रेघ आणि क्षेत्र यांच्यात, म्हणजे रस्ता आणि शेत यांच्यात, असे १९ प्रकार निघतात. शेताचा आकार तुम्ही वेडावाकडा काढलात तरी हे नाते बिघडत नाही, आणि संगणक आधी नाते पाहतो, मापे नंतर.

आपल्याकडे या विचाराला परकेपण नाही. खरेदीखतातली चतुःसीमा काढून पाहा. पूर्वेस अमक्याचा गट, पश्चिमेस नाला, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस तमक्याचा गट. कुणाची कड कुणाला भिडते, एवढ्यावर जमीन ओळखली जाते. भूमी अभिलेखातल्या जुन्या टिपणावर भूकरमापकाने हातानेच आकृती काढलेली असते. ज्याला एसक्यूएलची एक ओळ येत नाही तो शेतकरीही काडीने मातीत आपल्या शेताची, शेजाऱ्याच्या बांधाची आणि ओढ्याची आकृती सहज काढतो. प्रश्न विचारायला लागणारे ज्ञान त्याच्याकडे आहे.

पण चित्रात एक मोठी अडचण आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करून ही साधने लोकांच्या हाती दिली तर नुकसान होईल. चित्राला मोघम राहता येत नाही. मला विचारायचे आहे: ‘गावाच्या हद्दीतला असा तलाव, ज्याला रस्ता भिडतो.’ मी गावाचा मोठा गोल काढतो, आत तलावाचा छोटा, आणि तलावाला टेकणारी एक रेघ. तीन आकृत्या, म्हणजे तीन जोड्या. तलाव गावात आहे, हे मला म्हणायचे होते. रस्ता तलावाला भिडतो, हेही. पण ती रेघ कुठून तरी सुरू करावीच लागली. मी ती गावाच्या हद्दीबाहेरून आत आणली असेल, तर रस्ता बाहेरून येतो असेही मी नकळत बोलून गेलो. संगणकाने ते गांभीर्याने घेतले, तर सगळा रस्ता गावातच असलेले तलाव यादीतून गळतील. पाच आकृत्या काढल्या की दहा जोड्या होतात, सहा काढल्या की पंधरा. त्यांतल्या चार-पाच मनात असतात, बाकीच्या हाताने आपसूक काढलेल्या. वाक्यात जे सांगायचे नाही ते गाळता येते. चित्रात प्रत्येक आकृतीला कुठेतरी ठेवावेच लागते.

याहून कठीण आहे नकार. रस्ता नसलेला गट कसा काढायचा? रस्त्याची रेघ काढून तिच्यावर फुली मारली, तर या गटाला एकही रस्ता भिडत नाही असे म्हणायचे आहे, की न भिडणारा एखादा रस्ता कुठेतरी आहे? दुसऱ्या अर्थाने शोधले तर जवळजवळ प्रत्येक गट पात्र ठरेल. आणि लोकांचे खरे प्रश्न तर नकाराचेच असतात. विहीर नसलेली वस्ती, दवाखाना नसलेले गाव, वाट नसलेले शेत. ज्या चित्रभाषेला ‘नाही’ म्हणता येत नाही, ती तहसील कचेरीत निरुपयोगी आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

चित्र गरजेपेक्षा जास्त नेमके बोलते, हे संशोधकांनी ओळखले होते. नेमकी जुळणी सापडली नाही तर एगेनहोफर यांची पद्धत थोडी ढील देऊन जवळचे नाते स्वीकारते: भिडणारे मिळाले नाही तर जरासे अलग असलेले. आपल्या नकाशांना ही ढील फारच लागेल. दोन गट वेगवेगळ्या वेळी संगणकावर चढवले गेले की सामाईक बांध दोनदा काढला जातो, आणि त्या दोन रेघांत दीड-दोन मीटरची फट राहू शकते. पडद्यावर गट भिडलेले दिसतात, संगणक म्हणतो अलग. अशा नकाशावर ‘रस्त्याला न भिडणारे गट’ विचारले, तर हमरस्त्यावरचा गटही वाट नसलेला ठरेल.

आता काही जण म्हणतील की हे सगळे कशाला, कृत्रिम बुद्धिमत्तेला मराठीत प्रश्न सांगावा, ती एसक्यूएल लिहून देईल. लिहून देते, आणि ‘नाही’, ‘किमान दोन’, ‘५०० मीटर’ या गोष्टी शब्दांतच नीट सांगता येतात, हे मान्य. पण ‘रस्त्यालगतचे शेत’ म्हणजे कड भिडलेले की वीस मीटरवरचे, हे शब्दांवरून ठरत नाही. काढून दाखवले की लगेच ठरते. मला दोन्ही हवे आहे. माणसाने काढावे, आणि संगणकाने त्या चित्रातली एकेक जोडी मराठीत वाचून दाखवावी: ‘रस्ता गावाबाहेरून येतो. हे महत्त्वाचे आहे का?’ माणसाने हो, नाही किंवा काहीही चालेल, यांपैकी एक निवडावे. फट किती चालेल तेही विचारावे आणि उत्तराच्या यादीवर छापावे, म्हणजे अपिलात ती यादी तपासता येईल.

महसूल आणि भूमी अभिलेख खात्यांकडे माझी मागणी छोटी आहे. सगळ्या प्रश्नांची सोय एकदम करू नका. एक तालुका घ्या, शेतरस्त्याचा एकच प्रश्न घ्या. अर्जदाराला आपला गट आणि जवळचा रस्ता पडद्यावर दाखवू द्या, मधले गट क्रमांकांसह यादीत येऊ द्या, आणि ती यादी अर्जाला जोडायची परवानगी द्या. स्थळपाहणी तर होणारच आहे. फरक इतकाच की तलाठी आणि मंडळ अधिकारी शेतावर येतील तेव्हा तीच यादी अर्जदाराच्याही हातात असेल.