कायदा आमचा, तारीख मालकाची



मी चौथी शिकलेला माणूस. रिंग खात्यात तुटलेलं सूत सांधायचं हा माझा धंदा. तेव्हा मोठमोठ्या शब्दांची आशा माझ्याकडून ठेवू नका. हिशेब मात्र मला येतो. ज्या कामगाराला हिशेब येत नाही त्याच्या पगाराची चिठ्ठी दुसराच वाचतो, हे मी पहिल्याच वर्षी शिकलो. म्हणून आज तुमच्यापुढं एक हिशेबच मांडतो.

आमच्या खात्यात एक आण्णा होते. त्यांचं नाव सांगत नाही, गिरणीचंही सांगत नाही. तुमच्या खात्यात असा एक आण्णा असेलच. चोवीस वर्षं त्यांनी साच्यापुढं उभं राहून काढली. २०१२ साली ते निवृत्त झाले तेव्हा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला ७,८०० रुपये पडत होते. ग्रॅच्युइटीचा कायदा होता १९७२ चा. तो सांगत होता, महिन्याच्या पगाराला २६ नं भागा, येईल तो एक दिवसाचा रोज. असे पंधरा रोज दर वर्षाला द्या. म्हणजे रोज ३०० रुपये, वर्षाचे ४,५००, चोवीस वर्षांचे १,०८,०००. आणि हे पैसे तीस दिवसांच्या आत कामगाराच्या हातात पडले पाहिजेत. उशीर झाला तर वर व्याज. कायद्यात कुठं खोट आहे? काही नाही. सोन्यासारखा कायदा!

मालक म्हणाला, "चोवीस कुठली? तुझी नोकरी सलग नऊच वर्षांची." कारण काय, तर मधल्या वर्षांत चार-आठ दिवसांचा ब्रेक देऊन आण्णांना पुन्हा कामावर घेतलं होतं. आता कायद्याचं म्हणणं, वर्षात २४० दिवस काम भरलं की ते वर्ष सलग धरायचं. आण्णांनी सगळी हजेरी कार्डं ट्रंकेत जपून ठेवली होती. युनियननं अर्ज केला. मला वाटलं, दोन-तीन महिन्यांत निकाल लागेल.

आणि मग सुरू झाल्या तारखा.

आज साहेब रजेवर. आज मालकाचा वकील आजारी. आज वकील आला तर कागद हेड ऑफिसातून यायचेत. आज फाइल सापडत नाही. मग साहेबांचीच बदली झाली, नवीन साहेबांपुढं पहिल्यापासून सुरू. आण्णा तेव्हा एका गोदामावर राखणीला होते. दर तारखेला एक दिवसाचा पगार बुडायचा, वर एस.टी.चं भाडं. मालकाचा माणूस यायचा तो कंपनीच्या पगारावर, कंपनीच्या गाडीतून. आपला खाडा, त्याची हजेरी!

अशी सहा वर्षं गेली. हरलो असतो तर वर अपील केलं असतं. पण निकालच नाही, तर अपील कशावर करायचं?

२०१८ साली आण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. मालकाच्या वकिलाला ही बातमी कुणी दिली देव जाणे. कोर्टाच्या ओट्यावर तो आण्णांच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "काका, पंचावन्न हजारांचा चेक आजच्या आज देतो. नाहीतर आहेच पुढची तारीख." आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "आण्णा, घेऊ नका. आपली बाजू खरी आहे." ते म्हणाले, "पोरा, बाजू खरी आहे रे. पण माझ्याकडं सहा वर्षं अजून आहेत का?"

कागद इंग्रजीत होता. आण्णांना दिसत नव्हतं, मला वाचता येत नव्हतं. सही कुठं करायची ते मी बोट ठेवून दाखवलं. ते बोट मला अजून टोचतं. पुढं एका शिकलेल्या पोराकडून वाचून घेतलं. त्यात लिहिलं होतं, अर्जदारानं राजीखुशीनं सगळा हिशेब चुकता करून घेतला, आता काही मागणं नाही. राजीखुशीनं!

आता हिशेब करू. १,०८,००० वर दहा टक्के सरळ व्याज, सहा वर्षांचं ६४,८००. एकूण देणं १,७२,८००. दिले ५५,०००. मालकाचे वाचले १,१७,८००. वकिलाची फी वजा करा हवी तर. एका आण्णामागं एवढे, तर शंभर आण्णांमागं किती? उशिराबद्दल दंड व्हायचा, त्याचं बक्षीस झालं. म्हणून म्हणतो, तारीख पडते ती काही कोर्टाच्या गडबडीमुळं आपोआप पडत नाही. तारीख हा मालकाचा धंदा आहे, आणि कापडापेक्षा त्यात नफा जास्त आहे.

आपण पाळीला दहा मिनिटं उशिरा आलो तर काय होतं? फाटक बंद. अर्धा दिवस कापला. मालकाला सहा वर्षं उशीर झाला, त्याच्यासाठी कुठलं फाटक बंद झालं?

कुणी म्हणेल, धंदा अडचणीत असतो, मालक तरी काय करणार? अडचण आम्हालाही कळते. कापसाचा भाव चढला, सुताचा उठाव पडला की पाळ्या कमी होतात, हे आम्ही पोटानं जाणतो. पण विजेचं बिल थकलं तर तार कापतात म्हणून ते आधी भरलं जातं. बँकेचा हप्ता थकला तर जप्ती येते म्हणून तोही भरला जातो. मागं राहतो तो आपला फंड. आपल्या पगारातून कापलेला फंड भरला नाही तर तो विश्वासघाताचा गुन्हा, असं कायद्याच्या पुस्तकात आहे. खिसेकापूला पोलीस चौकात धरतात. पगार कापून घेणाऱ्याला पत्र जातं, मग स्मरणपत्र जातं. आणि फंडाच्या योजनेतली पेन्शन तरी केवढी? २०१४ साली किमान हजार रुपये ठरली आणि पुढं दहा वर्षं आकडा तिथंच उभा राहिला. दहा वर्षांत तेलाचा डबा उभा राहिला का?

ही एका आण्णाची गोष्ट नाही. गिरणगावची गोष्ट याच हिशेबाची, फक्त आकडे मोठे.

माझे वडील मुंबईला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, डॉ. दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पगार-बोनस ही मागणी होतीच, पण एक मागणी त्याहून खोल होती. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यानं मालकाशी बोलायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला दिला होता. कामगारांना दुसरी युनियन हवी असली तरी तिच्याशी मालक बोलायला बांधलेला नव्हता. अडीच लाख लोक रस्त्यावर, आणि कायद्याच्या दृष्टीनं त्यांचा पुढारी कुणीच नाही! तो संप रीतसर मागं घेतल्याचं कधी जाहीर झालंच नाही. वडील गावी येऊन वाट बघत राहिले. बिल्ला त्यांनी शेवटपर्यंत फेकला नाही.

पुढं गिरण्यांच्या जमिनीला सोन्याचा भाव आला. १९९१ साली नियम झाला की गिरणीची जमीन मोकळी करून बांधकाम काढायचं तर साधारण तीन वाटे करा: एक पालिकेला मैदानं-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. ऐकायला किती न्यायाचं! २००१ साली त्यात दुरुस्ती आली. वाटे पडायचे ते फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचे. शेड पाडून जी मोकळी होईल तिचे नाहीत. गिरणीत शेडच जास्त, मोकळं अंगण किती असणार? २००५ साली उच्च न्यायालयानं लोकांच्या बाजूनं निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला आणि दुरुस्ती कायम राहिली. कलमात चार शब्द बदलले आणि मैदानं गेली, घरं गेली.

घरांसाठी दीड लाखाच्या आसपास कामगारांनी आणि वारसांनी अर्ज भरले. २०१२ साली पहिली मोठी सोडत निघाली. अर्ज लाखांत, घरं हजारांत. नंतर सांगितलं, शेलूला जा, वांगणीला जा. २०२५ च्या जुलैत म्हातारी माणसं आझाद मैदानात येऊन बसली: आमच्या घामावर उभ्या राहिलेल्या मुंबईत आम्हाला घर द्या! अर्ज भरणारे कितीतरी बाप गेले, आता पोरं रांगेत आहेत. तारीख वारसाहक्कानं मिळते, घर मिळत नाही.

आता सरकारचं नवं धोरण बघा. २९ कायदे मोडून चार संहिता केल्या, त्या २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाल्या. ही तारीख मराठी माणसानं लक्षात ठेवावी. सत्तर वर्षांपूर्वी, २१ नोव्हेंबर १९५५ ला, फ्लोरा फाउंटनवर संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या लोकांवर गोळ्या झाल्या. त्या गर्दीत गिरण्यांतला कामगार होता. त्याच तारखेला त्याच्या नातवंडांना काय मिळालं? पूर्वी शंभर कामगार असलेला कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागे, आता तीनशेच्या खाली लागत नाही. आपल्यातले किती जण तीनशेच्या गिरणीत आहेत? संप करायचा तर चौदा दिवस आधी नोटीस द्या. मालकाला घाई आहे म्हणून कायदा सुटसुटीत केला, असं सांगतात. ठीक आहे. मग आण्णांची घाई कोण बघणार? संहितेत चांगलंही आहे: प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र द्यायलाच हवं. पण चांगली कलमं १९७२ लाही होती. त्यांना पाय कोण देणार, हा सवाल आहे.

आणि भाषेचं काय? शंभरावर माणसांनी प्राण दिले तेव्हा १ मे १९६० ला हे राज्य झालं. १९६४ ला राजभाषेचा कायदा झाला. १९९८ ला खालच्या न्यायालयांची भाषा मराठी ठरली. आणि २०१८ साली माझा आण्णा न समजणाऱ्या कागदावर सही करत होता. मराठी राज्यात मराठी कामगाराचा हक्क इंग्रजीत बुडतो, मग राज्य मिळवलं ते फक्त पाट्या रंगवायला का? इंग्रजीशी माझं भांडण नाही, माझी पोर शिकते आहे ती भाषा. पण ज्या कागदावर माझा अंगठा उठणार, तो मला कळला पाहिजे.

म्हणून मागणी साधी आहे. कामगाराच्या हिशेबाचा, नोटिशीचा, तडजोडीचा प्रत्येक कागद मराठीत असावा. नसेल तर ती सही धरू नये. ग्रॅच्युइटीचा, थकल्या पगाराचा दावा दाखल झाला की मालकानं रक्कम आधी सरकारात भरावी, भांडण मागून करावं. पैसे त्याच्या खिशातून एकदा बाहेर पडले की बघा वकील कसा झटकन बरा होतो! आणि निकालाला मुदत असावी. आमच्या पाळीला आहे तशी.

हे मिळेपर्यंत आपण काय करायचं? पगाराची चिठ्ठी, हजेरी कार्ड, नेमणुकीचं पत्र, एक कागद फेकू नका. फंड भरला का ते वर्षातून दोनदा तपासा, निवृत्तीच्या दिवशी नव्हे. वाद झाला तर बसून राहू नका. नव्या कायद्यानं समेट अधिकाऱ्याकडं जायला दोनच वर्षं आहेत. आणि तारखेला कुणालाही एकटं पाठवू नका. त्या दिवशी ओट्यावर आण्णांबरोबर मी एकटा होतो. खात्यातली वीस माणसं असती, पाच-पाचशे काढून मोतीबिंदूचा खर्च भागवला असता, तर ती सही झाली नसती. मालकाला आमच्या कायद्याची भीती नव्हती. आम्ही दोघंच आलोय, हे त्यानं मोजलं होतं.

पुढच्या तारखेला त्याला मोजता येऊ नये एवढ्या संख्येनं या.

कामगार एकजुटीचा विजय असो!